विल्हेम नॉर्मन: पातळ तेलाला 'तूप' बनवणारा केमिस्ट आणि तुमच्या खारीतलं ट्रान्स फॅट

नांदेड असो की लातूर, सकाळी चहासोबत खारी किंवा नानकटाई आपल्याकडे घरोघरी लागते. पण एक प्रश्न कधी पडलाय का? तेल तर पातळ असतं. मग बेकरीत वापरतात तो पांढरा, घट्ट, लोण्यासारखा पदार्थ तेलापासून बनतो तरी कसा? याचं उत्तर एका जर्मन केमिस्टच्या आयुष्यात सापडतं. त्यांचं नाव विल्हेम नॉर्मन. 'डालडा' हे नाव सगळ्यांना माहीत आहे, पण त्यामागचं तंत्र शोधणारा माणूस फार कमी जणांना ठाऊक आहे. आज त्यांचीच गोष्ट बघू.

मामाच्या कारखान्यातली नोकरी

नॉर्मन यांचा जन्म १६ जानेवारी १८७० रोजी जर्मनीतल्या पीटर्सहागेन या छोट्या गावात झाला. वडील शाळेत मुख्याध्यापक होते. हेरफोर्ड गावात त्यांच्या मामाचा मशीनसाठी लागणारं तेल आणि ग्रीस बनवण्याचा कारखाना होता. शाळा संपल्यावर, १८८८ मध्ये, नॉर्मन तिथेच कामाला लागले. म्हणजे रसायनशास्त्राची डिग्री मिळण्याच्या कितीतरी आधी त्यांचे हात तेलात बुडालेले होते.

पुढे त्यांनी वीसबाडेन, बर्लिन आणि फ्रायबुर्ग इथे शिक्षण घेतलं आणि १९०० मध्ये डॉक्टरेट मिळवली. मग ते परत हेरफोर्डच्या कारखान्यात आले.

त्या काळातली अडचण काय होती?

साबण आणि मेणबत्ती बनवायला घट्ट चरबी लागते. ती प्रामुख्याने जनावरांपासून मिळायची, आणि मागणी वाढत चालली होती. दुसरीकडे वनस्पती तेलं आणि माशांचं तेल भरपूर होतं, पण ते पातळ. सरकीचंच बघा. कापूस घेतला की सरकी उरतेच. नांदेडच्या कापूस पट्ट्यातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. पण त्या तेलाचं करायचं काय?

फ्रान्समध्ये पॉल साबातिए हे शास्त्रज्ञ निकेल धातूच्या मदतीने वेगवेगळ्या पदार्थांना हायड्रोजन जोडत होते. याच कामासाठी त्यांना १९१२ मध्ये नोबेल मिळालं. मात्र त्यांची पद्धत वाफेच्या रूपातल्या पदार्थांसाठी होती, आणि तेलाची सहजासहजी वाफ होत नाही.

नॉर्मन यांनी १९०१ मध्ये वेगळा प्रयोग केला. पातळ ओलेइक आम्लात त्यांनी निकेलची बारीक पूड मिसळली, ते गरम केलं आणि त्यातून हायड्रोजन वायू सोडला. पातळ पदार्थ घट्ट झाला! वाफ करायची गरजच पडली नाही. १४ ऑगस्ट १९०२ रोजी या पद्धतीला जर्मन पेटंट मिळालं, नंबर १४१०२९.

तेल घट्ट होतं म्हणजे नेमकं काय होतं?

तेलाच्या रेणूत कार्बनच्या लांब साखळ्या असतात. काही ठिकाणी दोन कार्बनमध्ये दुहेरी बंध असतो आणि त्या जागी साखळीला कोपरासारखा बाक येतो. वाकड्या काटक्यांची मोळी जशी नीट बांधता येत नाही, तशा या साखळ्या एकमेकींना चिकटून बसत नाहीत. म्हणून तेल पातळ राहतं.

निकेलच्या पृष्ठभागावर दुहेरी बंधाला हायड्रोजन जोडला जातो, बाक निघून जातो आणि साखळी सरळ होते. सरळ काटक्यांची मोळी घट्ट बसते. तसंच तेलही घट्ट होतं.

खरी गडबड इथे आहे. सगळे बंध भरले, म्हणजे पूर्ण हायड्रोजनेशन केलं, तर ट्रान्स फॅट जवळजवळ राहत नाही. पण ते फॅट मेणासारखं कडक होतं, खाण्याच्या कामाचं नाही. मऊ, लोण्यासारखं फॅट हवं असेल तर प्रक्रिया अर्ध्यावर थांबवावी लागते. अशा वेळी काही ठिकाणी हायड्रोजन जोडला जातो आणि लगेच सुटतो. दुहेरी बंध परत तयार होतो, पण उलट बाजूने, आणि साखळी सरळच राहते. हेच ट्रान्स फॅट.

कारखान्यातून स्वयंपाकघरात

इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनच्या जोसेफ क्रॉसफिल्ड अँड सन्स या साबण कंपनीने नॉर्मन यांचे हक्क घेतले. १९०९ मध्ये तिथे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालं. अमेरिकेत १९११ मध्ये 'क्रिस्को' बाजारात आलं. ते सरकीच्या तेलापासूनच बनवलेलं होतं. साबणासाठी निघालेलं तंत्र आता स्वयंपाकघरात शिरलं. १९१३ मध्ये ब्रिटनच्या न्यायालयाने हे पेटंट रद्द ठरवलं.

नॉर्मन १९११ पासून जर्मनीतल्या एमेरिश इथल्या तेल कारखान्याचं वैज्ञानिक काम सांभाळत होते. हा कारखाना युर्गेन्स या डच मार्गारीन कंपनीने उभा केला होता. आता आपल्याशी असलेला धागा बघा. १९१८ च्या सुमारास ज्या डच कंपन्यांनी भारतात वनस्पती तूप आणलं, त्यात युर्गेन्सही होती. पुढे ही कंपनी विलीनीकरणातून युनिलिव्हरमध्ये गेली. युनिलिव्हरच्याच भारतातल्या कंपनीने १९३२ मध्ये मुंबईत शिवडीला वनस्पती बनवायला सुरुवात केली आणि १९३७ मध्ये 'डालडा' हा ब्रँड आणला.

विल्हेम नॉर्मन १ मे १९३९ रोजी जर्मनीत केम्निट्झ इथे वारले. वय ६९ वर्षं.

मराठवाड्यात डालडा

साजूक तूप महाग. शंभर-दोनशे माणसांच्या पंगतीला बुंदी किंवा बालूशाही करायची तर ते परवडायचं नाही. वनस्पती स्वस्त होतं, टिकायचं, आणि दिसायला तुपासारखं. लातूरला तर सहकारी तत्त्वावर कारखाना उभा राहिला आणि लोकांच्या तोंडी तो 'डालडा फॅक्टरी' म्हणूनच बसला. तेलबियांच्या पट्ट्यात तेलाला जास्त भाव मिळवून देणारा उद्योग म्हणून त्याचं महत्त्व होतं.

साजूक तुपात वनस्पतीची भेसळ होऊ लागली, तेव्हा सरकारने एक भारी युक्ती केली. वनस्पतीत कमीत कमी ५ टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं केलं. तिळाच्या तेलाची एक खास रासायनिक चाचणी असते, त्यात लालसर रंग येतो. तुपाच्या नमुन्यात तो रंग आला की भेसळ पकडली गेली! मात्र ही चाचणी लॅबमध्येच करायची असते, कारण त्यात तीव्र आम्ल लागतं.

नुकसान कधी कळलं?

१९९० मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी माणसांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ट्रान्स फॅटमुळे वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि चांगलं कोलेस्टेरॉल कमी होतं, असं त्यात दिसलं. म्हणजे दोन्ही बाजूंनी हृदयावर मार. नॉर्मन यांच्या प्रयोगाला तेव्हा ८९ वर्षं झाली होती आणि ते जाऊन ५१ वर्षं. तेल घट्ट झालेलं डोळ्यांना त्याच दिवशी दिसलं होतं. रक्तवाहिन्यांत काय होतंय हे दिसायला जवळजवळ एक शतक गेलं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितलं की ट्रान्स फॅटमुळे जगात दरवर्षी सुमारे ५ लाख लोक हृदयविकाराने दगावतात. भारतात एफएसएसएआयने मर्यादा आधी १० टक्के, मग ५ टक्के केली. २०२१ मध्ये ती ३ टक्क्यांवर आली आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के आहे.

याने किती फरक पडतो? समजा १०० ग्रॅम खारीत २५ ग्रॅम फॅट आहे. १० टक्के ट्रान्स फॅटवालं वनस्पती वापरलं तर त्यात २.५ ग्रॅम ट्रान्स फॅट येतं. आरोग्य संघटनेची २००० कॅलरीच्या आहारासाठी दिवसाची मर्यादा आहे सुमारे २.२ ग्रॅम. म्हणजे एका खारीच्या पुड्यात दिवसाचा कोटा पार! २ टक्क्यांचा नियम पाळला तर तेच प्रमाण ०.५ ग्रॅमवर येतं.

मग तुम्ही काय कराल?

१. पाकिटामागची अक्षरं बारीक असतात. फोनच्या कॅमेऱ्याने फोटो काढा आणि झूम करा. पोषणाच्या तक्त्यात 'ट्रान्स फॅट' अशी ओळ असते, त्यातला आकडा बघा.

२. घटकांच्या यादीत 'हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट', 'शॉर्टनिंग' किंवा 'मार्गारीन' शोधा. यादीत जे नाव वर, त्याचं प्रमाण जास्त.

३. 'ट्रान्स फॅट फ्री' लिहिलंय म्हणून पुडाच्या पुडा संपवू नका. त्यात पाम तेलाचं सॅच्युरेटेड फॅट भरपूर असू शकतं. ती ओळही वाचा.

४. सुट्ट्या खारी-टोस्टवर लेबल नसतं, पण २ टक्क्यांचा नियम त्यालाही लागू आहे. बेकरीवाल्या काकांना कोणतं फॅट वापरता ते सरळ विचारा. त्यांच्या फॅटच्या डब्यावर किंवा खोक्यावर माहिती छापलेली असते.

नॉर्मन यांनी कुणाला फसवलं नव्हतं. त्यांच्यासमोर एक खरी अडचण होती आणि ती त्यांनी सोडवली. त्यांना जे दिसणं शक्य नव्हतं, ते आज पाकिटावर आकड्यात छापलेलं असतं. पुढच्या वेळी पुडा फोडण्याआधी तो एकदा उलटा करून बघा. दहा सेकंदांचं काम आहे.