घर गहाण टाकून त्याने जुन्या विमानाचं पोट फुगवलं आणि नासाचं रॉकेट वेळेत पोहोचलं

डासांच्या अळ्या खायला विहिरीत सोडतात तो गप्पी मासा पाहिलाय ना? त्याची पोट फुगलेली मादी डोळ्यांसमोर आणा आणि तिला पंख लावा. १९६० च्या दशकात अमेरिकेत खरंच असं विमान उडत होतं. नाव प्रेग्नंट गप्पी, म्हणजे गाभण गप्पी. आणि ते उडवणाऱ्या गड्याचं नाव जॅक कॉनरॉय.

कॉनरॉयचा जन्म १९२० चा. दुसऱ्या महायुद्धात तो बी-१७ बॉम्बरचा पायलट होता. विमान पाडलं गेलं आणि तो जर्मनांच्या कैदेत सापडला. सुटून आला तरी उडण्याचं वेड सुटलं नाही. १९५५ मध्ये सेबर जेट घेऊन लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्क गाठलं आणि त्याच दिवशी परतही आला. वेळ लागला साडेअकरा तासांपेक्षा कमी.

पुढे दोन अडचणी त्याच्या नजरेस पडल्या.

पहिली अडचण जुन्या विमानांची. जेटचा जमाना आला आणि पंख्याची बोइंग स्ट्रॅटोक्रूझर विमानं एअरलाइन्सनी विकायला काढली. ली मॅन्सडॉर्फ नावाच्या व्यापाऱ्याने त्यातली काही घेतली, पण त्यांचं करायचं काय हा प्रश्नच होता.

दुसरी अडचण नासाची. सॅटर्न रॉकेटचा वरचा टप्पा कॅलिफोर्नियात बनायचा आणि रॉकेट उडायचं फ्लोरिडातून. साडेपाच मीटर व्यासाचा हा टप्पा ना बोगद्यातून जायचा, ना पुलाखालून. मग समुद्रमार्गे, पनामा कालव्यातून वळसा. त्यात तीन आठवड्यांहून जास्त वेळ जायचा. चंद्रावर पोहोचायची घाई असताना हे परवडणारं नव्हतं.

कॉनरॉयने या दोन अडचणींचं लग्न लावून दिलं. जुन्या विमानाचं पोट एवढं फुगवायचं की आख्खा टप्पा आत मावेल!

नासातल्या काहींना कल्पना आवडली, पण आगाऊ पैसे द्यायला कुणी तयार नव्हतं. कॉनरॉयने १९६१ मध्ये एरो स्पेसलाइन्स कंपनी काढली, घर गहाण टाकलं आणि कर्ज काढलं. एका स्ट्रॅटोक्रूझरला दुसऱ्याचा तुकडा जोडून पाच मीटरने लांब केलं. वर सहा मीटर रुंदीचा घुमट चढवला. सामान चढवायला शेपटीकडचा अर्धा भागच सुटा व्हायचा.

१९ सप्टेंबर १९६२ ला व्हॅन नाइस विमानतळावरून पहिलं उड्डाण ठरलं. अपघात होणार असं धरून पोलीस आणि अग्निशमन दलाला आधीच कळवलं होतं. पण कॉनरॉय आणि को-पायलट क्ले लेसी यांनी विमान उडवलं आणि सुखरूप उतरवलंही.

मग तो थेट हंट्सव्हिलला गेला. तिथे रॉकेट विभागाचे प्रमुख वेर्नर फॉन ब्राउन स्वतः विमानात बसले आणि खूश झाले. १९६३ पासून नासाचं सामान या विमानातून जाऊ लागलं. आठवड्यांचं काम साधारण १८ तासांवर आलं.

१९६५ मध्ये त्याहून मोठं सुपर गप्पी आलं. सॅटर्न-५ चा तिसरा टप्पा, म्हणजे अंतराळवीरांना चंद्राच्या वाटेला लावणारा भाग, त्यातून नेला गेला.

इथे कॉनरॉयने आरामात बसायला हवं होतं. पण १९६७ मध्ये त्याने ही कंपनी सोडली आणि पुन्हा जुन्या विमानांकडे वळला. १९३५ पासून उडणाऱ्या डीसी-३ ला, म्हणजे आपल्याकडच्या डाकोटाला, त्याने १९६९ मध्ये दोन टर्बोप्रॉप इंजिनं बसवली. १९७७ मध्ये तर तीन, तिसरं थेट नाकावर. विमान छान उडालं, पण गिऱ्हाईक मिळालं नाही. डिसेंबर १९७९ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी कॅन्सरने तो गेला.

त्याची कल्पना मात्र टिकली. एअरबसने आपल्या विमानांचे भाग वाहायला अनेक वर्षं सुपर गप्पीच वापरली, म्हणजे प्रतिस्पर्धी बोइंगच्या जुन्या विमानापासून बनलेली! पुढे बोइंगनेही वापरलेली ७४७ विमानं फुगवून ड्रीमलिफ्टर बनवली. आणि टर्बोप्रॉप लावलेले डाकोटा आज अंटार्क्टिकाच्या बर्फावर उतरतात.

कॉनरॉयची खासियत हीच. कोऱ्या कागदावर त्याने विमान काढलंच नाही. दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या विमानात अजून किती जीव आहे, ते त्याला दिसायचं.