बालकांना गुरु मानणारी विदुषी : डॉ. मारिया माँटेसरी

शिकवील तो शिक्षक व शिकेल तो विद्यार्थी, ही समजूत आपल्या अंगवळणीं पडलेली आहे. परंतु विद्यापीठांत व्याख्यानें देणाऱ्या एका विदुषीनें तीन-चार वर्षांच्या बालकांपुढें बसून नवें शिक्षणशास्त्र शिकून घेतलें, आणि त्यापायीं विद्यापीठांतील मानाची जागाहि सोडली. त्या विदुषीचें, म्हणजे डॉ. मारिया माँटेसरीबाईंचें, चरित्र आम्ही येथें संक्षेपानें सादर करीत आहों.

बाईंचा जन्म इटली देशांतील किआराव्हाले या गांवीं ३१ ऑगस्ट १८७० रोजीं झाला. वडील सरकारी नोकर व जुन्या वळणाचे होते. आई मात्र विद्येची चाहती होती. मुलगी लहान असतांनाच हें कुटुंब रोम शहरीं राहावयास आलें. शिकलेल्या मुलीनें फार तर शिक्षिका व्हावें, अशी त्या काळची रीत होती. मारियेनें वैद्यकाचा मार्ग धरला. पुरुषांच्या समवेत शवविच्छेदन करणें स्त्रीस अनुचित समजत. म्हणून सर्व विद्यार्थी निघून गेल्यावर ती एकटीच प्रेतांच्या त्या दालनांत अभ्यास करीत बसे. १८९६ सालीं तिनें रोम विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळविली. इटलींतील पहिल्या कांहीं स्त्री-डॉक्टरांत तिची गणना होते.

पुढें विद्यापीठाच्या मनोरुग्णचिकित्सालयांत काम करीत असतां, मंदबुद्धि म्हणून वेड्यांच्या इस्पितळांत कोंडलेलीं मुलें बाईंच्या दृष्टीस पडलीं. जेवण आटोपल्यावर तीं जमिनीवर सांडलेले पावाचे कण वेंचीत. सांभाळणाऱ्यांना त्यांत हावरेपणा दिसे. बाईंना मात्र निराळें दिसलें. त्या उघड्या-बोडक्या खोलींत हातांत धरावयास दुसरी वस्तुच नव्हती. भूक पोटाची नसून हातांची व बुद्धीची होती. मग त्यांनीं इतार व सेगँ या फ्रेंच वैद्यांचे ग्रंथ अभ्यासिले आणि १९०० सालीं निघालेल्या एका विशेष शाळेंत अशा मुलांना स्वतः शिकविलें. त्यांतील कांहीं मुलें सामान्य मुलांच्या परीक्षेंत उत्तीर्ण झालीं. लोकांनीं बाईंची वाहवा केली. बाई मात्र विचारांत पडल्या. हीं मुलें जर येथवर येऊं शकतात, तर धडधाकट मुलांना शाळा एवढ्या खालच्या पायरीवर कां थोपवून धरते, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसूं देईना.

याच काळांतील एक दुःखद गोष्ट झांकून ठेवणें आम्हांस उचित वाटत नाहीं. १८९८ सालीं बाईंना एक पुत्र झाला. मुलाच्या पित्याशीं त्यांचा विवाह झालेला नव्हता, आणि हें उघड होतें तर त्या काळच्या समाजांत त्यांचें सारें कार्यच बुडालें असतें. मुलाला खेड्यांतील एका कुटुंबांत ठेवण्यांत आलें. आई अधूनमधून भेटून येई. १९१२ सालीं बाईंची आई वारली, व त्यानंतर मारिओ आपल्या आईजवळ राहूं लागला. तरीहि जगापुढें त्याला पुत्र म्हणणें दीर्घकाळ शक्य झालें नाहीं. जगांतील बालकांसाठीं झिजणाऱ्या या मातेला स्वतःच्या बालकाचें बाळपण पाहावयास मिळालें नाहीं. याचा न्यायनिवाडा करण्याचा अधिकार आम्ही घेत नाहीं.

१९०४ पासून बाई रोम विद्यापीठांत शिक्षणविषयक मानवशास्त्रावर व्याख्यानें देऊं लागल्या. परंतु त्यांची खरी प्रयोगशाळा निघाली ती सान लोरेंझो या दरिद्री वस्तींत. तेथील चाळी दुरुस्त करणाऱ्या मंडळीला एक अडचण होती. आईबाप कामावर गेले, कीं मागें राहिलेलीं लहान मुलें जिने व भिंती खराब करीत. त्यांना एका खोलींत सांभाळावें, एवढाच मूळ हेतु. ६ जानेवारी १९०७ रोजीं तें बालगृह उघडलें.

तेथें बाईंनीं जें पाहिलें त्यानें त्यांचें आयुष्य बदललें. तीनएक वर्षांची एक मुलगी लांकडी ठोकळ्याच्या खांचांत लहानमोठे दट्टे बसवीत होती. बाईंनीं इतर मुलांना गावयास लाविलें, मुलीला खुर्चीसकट उचलून मेजावर ठेविलें. पण तिचें लक्ष ढळलें नाहीं. चाळीसांहून अधिक वेळां तोच खेळ करून ती आपण होऊन थांबली, आणि तिच्या मुद्रेवर थकवा नसून प्रसन्नता होती. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोटें फिरवितां फिरवितां एके दिवशीं एक मुलगा खडूनें शब्दच लिहूं लागला, व पाठोपाठ इतरहि लिहूं लागलीं. बक्षिसें व शिक्षा दोन्ही निरुपयोगी ठरल्या. योग्य साधनें मांडावीं, मग बाजूला होऊन पाहावें, हेंच शिक्षकाचें कौशल्य होय, असा निष्कर्ष बाईंनीं काढला.

या पद्धतीवर आक्षेपहि आले. ठराविक साधनांनीं मुलांच्या कल्पकतेला वाव राहात नाहीं, असें अमेरिकेंतील किलपॅट्रिक या अध्यापकांनीं १९१४ सालीं प्रतिपादिलें. बाईंचें म्हणणें असें, कीं परीकथांतील कल्पना मोठ्यांची असते, मूल ती केवळ ऐकून घेतें. ज्याचे डोळे, कान व हात सृष्टीशीं परिचित झाले, त्याचीच स्वतःची कल्पना फुलते. हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. आमच्या मतें आक्षेपांत तथ्य आहे, कारण गोष्टींवांचून बालपण कोरडें होय; पण उत्तरांतहि तथ्य आहे.

कार्य वाढलें तशी बाईंनीं अध्यापनाची जागा व वैद्यकी दोन्ही सोडलीं. मुसोलिनीच्या राजवटीनें आरंभीं त्यांच्या शाळांना आश्रय दिला व बाईंनीं तो स्वीकारलाहि. परंतु स्वतः विचार करणारें मूल व हुकूम झेलणारा नागरिक यांचा मेळ बसेना. १९३४ सालीं संबंध तुटला व इटलींतील त्या शाळा बंद पडल्या. १९३६ च्या यादवीमुळें स्पेनहि सोडावें लागलें.

१९३९ सालीं त्या मारिओसह मद्रासजवळील अड्यार येथें शिक्षकांचे वर्ग घेण्यास आल्या. पुढल्या वर्षीं इटली युद्धांत उतरतांच मारिओला शत्रुदेशीय म्हणून अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) येथें स्थानबद्ध करण्यांत आलें. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशीं व्हाइसरॉयनें त्याची सुटका केली, आणि त्या संदेशांत त्याचा उल्लेख त्यांचा पुत्र असाच होता. जें नातें स्वदेशांत उच्चारतां आलें नाहीं, त्याला परदेशांत, परक्यांच्या कैदेंतून, वाचा फुटली.

युद्धकाळांत बाईंनीं हिंदुस्थानांत हजारावर शिक्षक तयार केले. महाराष्ट्रांत ताराबाई मोडक यांनीं या विचारांना इथल्या मातींत रुजविलें. महाग विदेशी साधनांऐवजीं बिया, खडे व माती वापरून त्यांनीं १९४५ पासून बोर्डी येथें, व पुढें कोसबाडला, गोरगरिबांच्या मुलांसाठीं बालवाड्या चालविल्या. अंगणवाडी हा आज सर्वतोमुखीं असलेला शब्द त्याच खटाटोपांतून पुढें आला.

६ मे १९५२ रोजीं हॉलंडमध्यें बाईंचें देहावसान झालें. त्यांचे ठोकळे व अक्षरें आज दुकानांत विकत मिळतात. परंतु मुलाकडे धीरानें पाहण्याची त्यांची दृष्टि विकत मिळत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं धाकटीं भावंडें असतील. तें लहानगें एखादें झांकण शंभरदां उघडूं-मिटूं लागलें, तर हातांतून तें काढून घेण्यापूर्वीं त्यांनीं क्षणभर थांबावें. तेथें एक विद्यार्थी अभ्यासाला बसलेला आहे.