डॉ. द्वारकानाथ कोटणीस

रुग्णसेवेस देशाची सीमा नसते, हे ज्यांनी प्राणमोलाने दाखविले, त्या डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरास झाला. वैद्यकीचे शिक्षण त्यांनी मुंबईस घेतले. १९३८ साली जपानी आक्रमणाने गांजलेल्या चीनच्या मदतीस राष्ट्रसभेने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यांत ते होते. आपल्या विदर्भातील, नागपूरचे डॉ. चोळकरही होते.

परदेशी असतानाच वडील वारल्याची वार्ता आली. तरी पत्करलेले काम टाकून ते परतले नाहीत. १९४० साली एका लढाईत त्यांनी सलग तीन दिवस जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. १९४१ मध्ये डॉ. बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. चिनी भाषा आत्मसात करून तिच्यातूनच ते विद्यार्थ्यांस शस्त्रक्रियेचे पाठ देत.

तेथेच परिचारिकांना शिकविणाऱ्या कुओ छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु अतिश्रमाने देह खंगला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. भारत व चीन या दोन्ही देशांची नावे ज्याच्या नावात गुंफली होती, तो यिनहुआ तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता.

छिंगलानबाई २०१२ साली निवर्तल्या. तोवर भारतातील सासरचे नाते त्यांनी जपले. डॉक्टरांच्या त्यागाबरोबर या भगिनीच्या धैर्याचेही आपण स्मरण ठेवू या.