नागेशभट्ट काळे : नियमांचे न्यायाधीश

कुंडलिका नदीच्या एका तीरावर रोहे व दुसऱ्या तीरावर अष्टमी. परंतु बोलतांना आपण दोन्ही नांवें एका दमांत उच्चारतों. हीं नांवें संस्कृत शब्द समजून त्यांचा संधि करण्यास सांगितलें, तर विद्यार्थी क्षणभर अडखळेल. ए-कारापुढें स्वर आला असतां ए-चा अय् होतो, हा सामान्य नियम; त्याप्रमाणें रोहयष्टमी असें रूप होईल. परंतु पदाच्या अंतीं ए असून पुढें ऱ्हस्व अ आला, तर तो अ त्या ए-मध्यें मिळून जातो, हा विशेष नियम; त्याप्रमाणें रोहेऽष्टमी होईल. नियम दोन लागू पडतात, उत्तर मात्र एकच हवें. येथें विशेष नियमाचें ऐकावयाचें, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. परंतु असे अनेक तंटे सोडविण्यांत ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें, त्या नागेशभट्टांचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

नागेशभट्ट हे महाराष्ट्रीय ब्राह्मण. त्यांचें उपनांव काळे, पित्याचें नांव शिवभट्ट व मातेचें सती. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा त्यांचा काळ होय. त्यांचें वास्तव्य काशीस होतें. सिद्धान्तकौमुदीचे कर्ते भट्टोजी दीक्षित यांचे नातू हरि दीक्षित हे त्यांचे गुरु, आणि शृंगवेरपुरचा राजा राम हा त्यांचा आश्रयदाता. जयपूरच्या सवाई जयसिंहानें त्यांस यज्ञासाठीं बोलाविलें असतां, काशी सोडावयाची नाहीं असें व्रत असल्यामुळें त्यांनीं तो मान नाकारला, असें परंपरा सांगते.

त्यांच्यापुढें पाणिनीची अष्टाध्यायी होती. सुमारें चार हजार सूत्रांचा हा ग्रंथ; परंतु शब्द कसा घडवावा याची पहिली, दुसरी, तिसरी अशी क्रमवार कृति तींत लिहून दिलेली नाहीं. अमुक परिस्थितींत अमुक होतें, एवढेंच प्रत्येक सूत्र सांगतें. अर्थात् एकाच स्थळीं दोन सूत्रें येऊन ठेपलीं, तर काय करावें, हा प्रश्न उरतो. समबल सूत्रांचा विरोध आल्यास पुढील सूत्र मानावें, असें पाणिनीनेंच सांगितलें आहे; पण तेवढ्यानें सर्व तंटे मिटत नाहींत, आणि ते न मिटतील तर एका शब्दाचीं दोन रूपें होऊन सारें शास्त्रच ढासळेल.

पतंजलीपासूनच्या वैयाकरणांनीं यावर केलेला विचार नागेशभट्टांनीं परिभाषेन्दुशेखर या ग्रंथांत एकत्र केला. सूत्रें कशीं वाचावीं व कशीं लावावीं हें सांगणाऱ्या शंभरावर परिभाषा त्यांनीं घेतल्या, आणि प्रत्येकीची कारणें तपासलीं. बलाबलाची पायरी त्यांत स्पष्ट आहे. मागच्या सूत्राहून पुढचें बलवान्. त्याहून, दुसरें सूत्र लागो वा न लागो, जें लागतेंच तें बलवान्. त्याहून, ज्याचें निमित्त शब्दाच्या अधिक आंत आहे तें बलवान्. आणि सर्वांहून अपवाद बलवान्. अपवादास एवढा मान कां? कारण सामान्य नियमास इतरत्र पुष्कळ जागा असते. अपवादास त्याची लहानशी जागाही न दिली, तर तो सांगणेंच व्यर्थ होईल.

याच ग्रंथांत एक प्रसिद्ध परिभाषा आहे. सूत्रांत अर्धी मात्रा वांचली, तरी वैयाकरणास पुत्रजन्माइतका हर्ष होतो, असा तिचा आशय. ती वाचतांना आमचें मन हेलावतें; कारण नागेशभट्टांस मूलबाळ नव्हतें. शब्देन्दुशेखर हा आपला पुत्र व मंजूषा ही आपली कन्या असें म्हणून त्यांनीं ते दोन ग्रंथ शिवपार्वतींच्या चरणीं वाहिले. त्यांचा विद्यावंश मात्र खुंटला नाहीं. शिष्य वैद्यनाथ पायगुंडे यांनीं परिभाषेन्दुशेखरावर टीका लिहिली. पुढें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील जर्मन पंडित कीलहॉर्न यांनीं १८६८ सालीं तो ग्रंथ मुंबईस छापून प्रसिद्ध केला व नंतर त्याचें इंग्रजी भाषांतरही केलें.

आतां पालक विचारतील, या जुन्या खटाटोपाचा आमच्या मुलांस काय उपयोग? त्यांनीं संगणकाकडे पाहावें. संगणकास बहुधा एकेक पायरी सांगावी लागते. परंतु कांहीं भाषांत केवळ काय हवें तें व कोणत्या नियमानें हवें तें सांगतात. कसें करावें हें यंत्र ठरवितें. त्यांस डिक्लेरेटिव्ह भाषा म्हणतात. १९७२ च्या सुमारास फ्रान्समध्यें निघालेली प्रोलॉग ही तशीच. एस्‌क्यूएल ही दुसरी. शाळेची नोंदवही संगणकांत असेल, तर अष्टमीहून येणाऱ्या दहावीच्या मुलांचीं नांवें द्या एवढेंच तिच्यांत विचारावें, पानें कशीं उलटावीं हें सांगावें लागत नाहीं. संकेतस्थळांच्या पानांचें रूप ठरविणारी सीएसएस १९९६ सालीं प्रमाण ठरली. तिच्यांत सर्व अक्षरें काळीं असा एक नियम व मथळे निळे असा दुसरा असेल, तर मथळा निळाच होतो, कारण विशेष नियम बलवान्; आणि दोन नियम तुल्यबल असतील, तर पुढें लिहिलेला जिंकतो.

या भाषा नागेशभट्टांपासून निघाल्या असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांच्या कर्त्यांनीं त्या स्वतंत्रपणें रचल्या. परंतु जेथें जेथें नियमांनीं काम चालवावयाचें, तेथें तेथें नियमांच्या तंट्याचा निवाडा आधींच ठरवावा लागतो, ही अडचण एकच, आणि उत्तरेंही पुष्कळ अंशीं एकच. पाणिनीच्या त्या विरोधसूत्राचा अर्थ काय, याविषयीं २०२२ सालीं केंब्रिज विद्यापीठांतून नवें मत पुढें आलें व त्यावर वाद झाला; यावरून प्रश्न अद्याप जिवंत आहे हें दिसेल.

विद्यार्थ्यांनो, यापुढें संधि सोडवितांना दोन नियम समोर आले, तर उत्तर पाठ करून थांबूं नका. कोणता नियम जिंकला हें पाहा, आणि तो कां जिंकला हें विचारा. नागेशभट्टांनीं जन्मभर हेंच विचारिलें.