विश्लेषण : बाबा आमटे यांनी स्वतःच्या शरीरात कुष्ठरोगाचे जंतू का टोचून घेतले?

कुष्ठरोगावर औषध किंवा लस शोधायची, तर त्याचा जंतू प्रयोगशाळेत वाढवता यायला हवा. १९४९-५०च्या सुमारास ते जमत नव्हते. तेव्हा वर्धा जिल्ह्यात जन्मलेल्या एका वकिलाने स्वतःचे शरीर प्रयोगासाठी देऊ केले. ते वकील म्हणजे बाबा आमटे. त्या प्रयोगाचे काय झाले? लस घेताना कुष्ठरुग्णांच्या मनात येणाऱ्या शंकांशी त्याचा काय संबंध?

वकिलीतून कुष्ठसेवेकडे कसे?

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटला, जमीनदार कुटुंबात झाला. कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वरोऱ्यात वकिली केली. गोऱ्या सैनिकांना एकट्याने अडवल्याबद्दल गांधीजींनी त्यांना ‘अभय साधक’ म्हटले होते. मात्र एका पावसाळी संध्याकाळी रस्त्याकडेला पडलेला, बोटे झडलेला कुष्ठरुग्ण पाहून हाच माणूस घाबरून पळाला. ती भीती त्यांना सलत राहिली. ते परतले आणि त्या रुग्णाची अखेरपर्यंत सेवा केली.

वर्धा परिसरात कुष्ठसेवेची वाट आधीच पडली होती. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूरला काम सुरू केले होते. सेवाग्रामला गांधीजींनी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा केली होती.

प्रयोग नेमका काय होता?

बाबा कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे शिक्षण घेण्यासाठी गेले. जंतू माणसाच्या शरीरात वाढतो का, हे पाहण्यासाठी त्यांनी आधी मृत आणि नंतर जिवंत जंतू टोचून घेतले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. त्यांना रोग झाला नाही.

यातून कोणता शास्त्रीय निष्कर्ष निघतो? फारसा नाही. बहुतेक माणसांत या जंतूला रोखण्याची नैसर्गिक शक्ती असते. एका शरीराच्या अनुभवावरून सर्वांसाठी नियम काढता येत नाही. पुढे १९६० मध्ये उंदराच्या तळपायात आणि १९७१ मध्ये आर्माडिलो या प्राण्यात जंतू वाढवण्यात यश आले. कृत्रिम माध्यमात तो आजही वाढत नाही.

लस आणि नसांचा संबंध काय?

कुष्ठरोगाचा जंतू त्वचा आणि नसांमध्ये घर करतो. नसांचे नुकसान अनेकदा शरीराच्या प्रतिकारशक्तीमुळेही होते. जंतूवर हल्ला करताना ती नसेलाही इजा करते. नस सुजते, ठणकते. वेळेत उपचार न मिळाल्यास हात किंवा पाय लुळा पडू शकतो. डॉक्टर याला ‘रिअॅक्शन’ म्हणतात.

लसीचे कामच प्रतिकारशक्ती जागी करण्याचे. त्यामुळे क्वचित लसीनंतर अशी रिअॅक्शन दिसू शकते. कोविड लसीनंतर अशा काही रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. मात्र लसीनंतर घडलेली प्रत्येक गोष्ट लसीमुळेच घडते असे नाही. ही रिअॅक्शन लस न घेताही येते. दुसरीकडे, बीसीजी लस कुष्ठरोगापासूनही काही प्रमाणात संरक्षण देते. भारतात डॉ. जी. पी. तलवार यांच्या पुढाकाराने कुष्ठजंतूच्या एका निरुपद्रवी ‘नातेवाईक’ जंतूपासून लस तयार झाली. ती टोचलेल्या जागी जखम होऊन व्रण राहू शकतो.

रुग्णांनी काय लक्षात ठेवावे?

• भीतीपोटी स्वतःहून लस टाळू नये आणि कुष्ठरोगाच्या गोळ्याही बंद करू नयेत.
• स्टेरॉइड सुरू असल्यास लस घेण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे. काही जिवंत लसी तेव्हा टाळाव्या लागतात.
• लसीनंतर चट्टे लाल होऊन सुजले, नस ठणकू लागली, बधिरपणा वाढला किंवा हातापायातील ताकद कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. वेळेत उपचार मिळाल्यास नस वाचू शकते.

बाबांचे पुढे काय झाले?

बाबा आणि साधनाताईंनी वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर आनंदवन उभे केले. सुरुवातीला सोबत होते सहा कुष्ठरुग्ण आणि गाठीला १४ रुपये. ज्यांना समाजाने हाकलले, ते तिथे शेती करू लागले.

पुढे मणक्यांच्या विकाराने बाबांना बसणे अशक्य झाले. उभे राहायचे किंवा आडवे पडायचे, एवढेच उरले. तरीही १९८५ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, ते कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ यात्रेला निघाले. तरुण सायकलवर होते आणि बाबा गाडीत आडवे पडून प्रवास करत होते. त्याच वर्षी त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचे निधन झाले.

कुष्ठरोगावर आज खात्रीचे औषध आहे. १९८०च्या दशकात ही बहुविध औषधोपचार पद्धती देशात ज्या जिल्ह्यांत सर्वप्रथम पोहोचली, त्यांत बाबांचा जन्मजिल्हा वर्धाही होता. स्वतःच्या अंगावर जंतू टोचून घेण्याची वेळ आता कुणावर येत नाही. नवा चट्टा किंवा बधिरपणा दिसताच तो डॉक्टरांना दाखवायचे धाडस मात्र आजही प्रत्येकाला स्वतःच करावे लागते.