डोंगराला शिडी लावणारा कारागीर

स्वित्झर्लंड म्हटले की हिमशिखरे आठवतात. मला मात्र निकोलाउस रिगेनबाख आठवतात. त्यांचा जन्म २१ मे १८१७ रोजी अल्सेसमध्ये झाला. वडील लवकर गेले. आईने मुलांसह बाझेल गाठले. यंत्रशाळेत उमेदवारी करून ते पॅरिसला गेले. दिवसा काम, रात्री गणिताचा अभ्यास. तीव्र चढावर इंजिनाची गुळगुळीत चाके घसरतात, म्हणून त्यांनी रुळांमध्ये शिडीसारखी लोखंडी पट्टी बसवली आणि इंजिनाखाली तिच्यात अडकणारे दातेरी चाक. १८६३ साली फ्रान्समध्ये पेटंट मिळाले. प्रत्यक्ष मार्गासाठी मात्र आठ वर्षे थांबावे लागले. २१ मे १८७१ रोजी, त्यांच्या चौपन्नाव्या वाढदिवशी, फिट्सनाऊहून रिगी पर्वतावर युरोपातली पहिली पर्वतीय दातेरी रेल्वे चढली. १८९९ साली ते वारले. रिगीच्या त्या शिडीची पहिली पायरी मला पॅरिसमधल्या रात्रींत दिसते.