जे. डे : खबऱ्यांच्या दुनियेतला बातमीदार

मुंबईच्या गुन्हेगारी जगताचा चालताबोलता कोश म्हणून ओळखल्या गेलेल्या जे. डे यांची पत्रकारिता सुरू झाली ती जंगलातून. ज्योतिर्मय डे हे त्यांचे पूर्ण नाव. पण बातमीवर झळकणारे आद्याक्षर आणि आडनाव एवढीच त्यांची ओळख वाचकांना पुरेशी होती. काही काळ हिंदुस्तान लिव्हरमध्ये नोकरी केल्यानंतर त्यांनी ‘आफ्टरनून डिस्पॅच अँड कुरियर’ आणि ‘मिड-डे’साठी मुक्त लेखन सुरू केले. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान, तेथील वन्यजीव आणि जंगलाच्या कडेने वाढत चाललेली अतिक्रमणे हे त्यांचे सुरुवातीचे विषय होते. जमिनीवर ताबा कोण मिळवतो, झोपड्या कोणाच्या आशीर्वादाने उभ्या राहतात, याचा शोध घेत गेले की उपनगरातला पत्रकार आज ना उद्या टोळ्यांच्या दारात जाऊन पोहोचतोच. डे यांचा प्रवास काहीसा तसाच झाला.

१९९६ मध्ये ते ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये दाखल झाले आणि गुन्हेगारीचे वार्तांकन हेच त्यांचे क्षेत्र ठरले. तो काळ टोळीयुद्धाचा होता. बिल्डर, चित्रपट निर्माते, हॉटेलमालक यांना परदेशांतून खंडणीचे फोन येत आणि भररस्त्यात गोळीबार होत असे. पोलिस मुख्यालयातून मिळणारे पत्रक आणि अधिकाऱ्यांची माहिती यांवर बातमी देणे तेव्हा अवघड नव्हते. डे यांनी स्वतःची माणसे जोडली. बारमधील वेटर, जामिनावर सुटलेले गुंड, पोलिसांचे खबरी अशांच्या गाठीभेटींतून त्यांची बातमी आकाराला येई. सहा फुटांहून अधिक उंचीचा, अंगाने दणकट असा हा माणूस गर्दीत लपणे कठीणच. तरीही छायाचित्रे काढून घेणे ते टाळत आणि आपल्या हालचालींची वाच्यता फारशी करीत नसत.

खबरी हा त्यांच्या खास अभ्यासाचा विषय होता. मुंबईच्या बोलीत त्याला ‘झीरो डायल’ म्हणतात. पोलिस आणि टोळी या दोघांनाही तो हवा असतो, आणि त्याचे नाव फुटले की त्याला कोणीच वाली उरत नाही. या माणसांच्या जगण्यावर डे यांनी ‘झीरो डायल’ हे पुस्तक लिहिले; ते २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधीच्या ‘खल्लास’मध्ये त्यांनी गुन्हेगारी जगताची परिभाषा आणि माणसे यांची मांडणी केली होती. ‘हिंदुस्तान टाइम्स’मधील अल्प कारकिर्दीनंतर ते ‘मिड-डे’त परतले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. भेसळयुक्त इंधनाच्या धंद्यावरील त्यांच्या बातम्याही अनेकांना झोंबल्या होत्या.

डे यांचे महत्त्व समजून घ्यायचे तर ते ज्या टोळ्यांवर लिहीत होते, त्यांचा पालट ध्यानात घ्यावा लागतो. दाऊद इब्राहिम दक्षिण मुंबईतला, तर राजेंद्र निकाळजे ऊर्फ छोटा राजन चेंबूरच्या टिळकनगरचा. सिनेमाच्या तिकिटांचा काळाबाजार करणारा हा उपनगरी तरुण बडा राजनच्या हाताखाली वाढला, पुढे दाऊदचा साथीदार झाला आणि दोघेही दुबईला गेले. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बॉम्बस्फोटांची मालिका घडली. २५७ जणांचे प्राण गेले. तस्करीसाठी वापरली जाणारी रायगडची किनारपट्टी त्यासाठी आरडीएक्स उतरविण्याच्या कामी आली. सोन्याची वाट स्फोटकांनी धरली. खंडणी आणि तस्करी करणारी टोळी आंतरराष्ट्रीय दहशतवादाचा भाग कशी बनते, याचा याहून ठळक दाखला शोधूनही सापडणार नाही. २००३ मध्ये अमेरिकेने दाऊदला जागतिक दहशतवादी घोषित केले.

राजन दाऊदपासून दुरावला आणि आग्नेय आशियात गेला. बॉम्बस्फोट खटल्यातील काही आरोपींना त्याच्या टोळीने ठार केले आणि त्यातून ‘देशभक्त डॉन’ ही बिरुदावली रूढ झाली. २००० मध्ये बँकॉकमध्ये त्याच्यावर झालेल्या जीवघेण्या हल्ल्याने तिला आणखी उजाळा मिळाला. घाटकोपरला २००२ आणि २००३ मध्ये बसमध्ये, तर मुलुंडला मार्च २००३ मध्ये लोकलमध्ये स्फोट झाले. अशा उपनगरांत दाऊदचा वैरी म्हणून त्याच्याविषयी छुपी सहानुभूती बाळगणारे कमी नव्हते. खंडणी मात्र हीच टोळी याच उपनगरांतून गोळा करीत होती, ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाई. डे यांनी ती सवलत राजनला दिली नाही. मे २०११ च्या अखेरीस आणि जूनच्या आरंभी त्यांनी दिलेल्या बातम्यांत राजनची सद्दी संपत आल्याचे चित्र होते. किरकोळ गुंडांच्या उदयावरील ‘चिंधी’ हे त्यांचे तिसरे पुस्तकही तयार होत होते. आपण दाऊदच्या गोटाशी संधान बांधून आहोत असा राजनचा समज झाला असल्याची डे यांना कितपत कल्पना होती, हे सांगायला आज कोणी नाही. त्यांच्या लंडनवारीमुळे तो समज बळावला आणि या लेखनाने राजनचा राग अनावर झाला, असे सरकार पक्षाने पुढे न्यायालयात मांडले.

आरोपपत्रानुसार ७ जूनला मुलुंडच्या एका बारमध्ये विनोद असरानी ऊर्फ विनोद चेंबूर याने डे यांची भेट घेतली आणि मारेकऱ्यांना त्यांची ओळख पटवून दिली. ११ जून रोजी, शनिवारी दुपारी, घाटकोपरला आईला भेटून डे मोटारसायकलवरून पवईच्या घरी निघाले होते. हिरानंदानी वसाहतीजवळ मोटारसायकलींवरून आलेल्या टोळक्याने मागून पाच गोळ्या झाडल्या. रुग्णालयात नेल्यावर त्यांना मृत घोषित करण्यात आले. ते ५६ वर्षांचे होते.

तपासाचे पहिले दिवस अंदाजांत गेले. तेलमाफियावर संशय घेतला गेला. पत्रकार मोर्चाने मंत्रालयावर गेले आणि सीबीआय चौकशीची मागणी करू लागले. अखेर २७ जूनला गुन्हे शाखेने सतीश काल्या ऊर्फ रोहित जोसेफ याच्यासह सात जणांच्या अटकेची घोषणा केली. आपण कोणाला मारले हे त्यांना दूरचित्रवाणीवरील बातम्यांतून कळले, असे पोलिसांचे म्हणणे होते. सुपारीच्या धंद्यात नाव विचारायचे नसते, फक्त माणूस दाखवून दिला जातो. आयुष्यभर खबऱ्यांवर लिहिलेल्या डे यांनाही कोणीतरी असेच दाखवून दिले होते.

नोव्हेंबर २०११ मध्ये ‘एशियन एज’च्या पत्रकार जिग्ना वोरा यांना अटक झाली. डे यांच्याविषयीची माहिती त्यांनीच राजनला पुरविली, असा आरोप होता. मोक्काखाली त्यांना आठ महिन्यांहून अधिक काळ कोठडीत काढावा लागला. न्यायालयात तो आरोप टिकला नाही. तपास यंत्रणेच्या बातम्या पडताळणी न करता छापल्या की काय घडते, हे वृत्तपत्रांना या प्रकरणाने दाखवले. ते सगळ्यांनीच मनावर घेतले असे मात्र नव्हे.

ऑक्टोबर २०१५ मध्ये राजन इंडोनेशियातील बाली येथे पकडला गेला आणि नोव्हेंबरमध्ये त्याला भारतात आणले गेले. खटला सीबीआयकडे गेला. असरानीचा तोपर्यंत मृत्यू झाला होता. २ मे २०१८ रोजी विशेष मोक्का न्यायालयाने राजनसह नऊ जणांना जन्मठेप सुनावली. जिग्ना वोरा आणि आणखी एका आरोपीची निर्दोष मुक्तता केली. वोरा यांची मुक्तता २०१९ मध्ये उच्च न्यायालयानेही कायम ठेवली.

दरम्यान डे यांच्या हत्येनंतर जोर धरलेल्या मागणीतून एप्रिल २०१७ मध्ये राज्य विधिमंडळाने पत्रकारांवरील हल्ल्यांविरोधात विधेयक मंजूर केले. हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा त्यात आहे. राष्ट्रपतींची संमती मिळायला २०१९ साल उजाडले.